डेमागॉग : अथेन्सच्या लोकशाहीतील पुढारी

डेमागॉग. प्राचीन ग्रीक नगरराज्यांत, त्यांतही मुख्यतः अथेन्समध्ये, नागरिकांच्या सभेतील भाषणांच्या बळावर राज्याचे धोरण वळवणारा पुढारी. अशा माणसाजवळ अधिकारपद असेच असे नाही, बहुतेकदा नसेच. ‘लोकांना नेणारा’ एवढाच या संज्ञेचा मूळ अर्थ असून ती इ. स. पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. लोकांच्या भावना भडकवून आपली पोळी भाजून घेणारा, हा आजचा अर्थ तिला पुढे चिकटला. चौथ्या शतकातील आयसॉक्रेटीझ हा लेखक पेरिक्लीझलाही डेमागॉग म्हणतो आणि त्यात निंदेचा लवलेश नाही.

अथेन्सची राज्ययंत्रणा अशा पुढाऱ्यांवाचून एक दिवसही चालली नसती. आपल्याला ते परिचित आहेत ते मात्र त्यांच्या विरोधकांच्या लेखणीतून. या दोन गोष्टी एकत्र ध्यानात ठेवल्या नाहीत, तर क्लीऑन किंवा क्लिओफोन या डेमागॉगांविषयी वाचलेले सगळेच खरे वाटू लागते.

सभा आणि वक्ते

आज ज्याला आपण सरकार म्हणतो तसे काही अथेन्समध्ये नव्हते. मंत्रिमंडळ नव्हते, संघटित पक्ष नव्हते, विरोधी पक्षनेताही नव्हता. क्लाइस्थिनीझने इ. स. पू. ५०८–५०७ च्या सुमारास घातलेल्या घडीनुसार पाचशे जणांचे मंडळ (बूले) सभेपुढचे विषय ठरवी. निर्णय मात्र एक्लेसिया या सर्व नागरिकांच्या सभेचा असे. ती अक्रोपोलिसच्या पश्चिमेला प्निक्स टेकडीवर भरे. पाचव्या शतकात तिथे साधारण सहा हजार माणसे मावत. युद्ध, तह, करआकारणी, धान्यपुरवठा, सेनापतीची नेमणूक व बडतर्फी हे सारे हात वर करून ठरे. प्रौढ पुरुष नागरिकाला बसण्याचा, बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क होता. स्त्रिया, गुलाम आणि मेटिक म्हणजे परगावाहून येऊन स्थायिक झालेले रहिवासी यांना तो नव्हता.

बहुतेक अधिकारी चिठ्ठ्या टाकून, एका वर्षापुरते नेमले जात. अपवाद मुख्यतः दहा सेनापतींचा. ते मताने निवडले जात आणि पुन्हा पुन्हा निवडून येऊ शकत. सभा सुरू झाली की भालदार पुकारा करी : कोणाला बोलायचे आहे? तत्त्वतः कोणीही उठावे. प्रत्यक्षात उघड्या टेकडीवर हजारो माणसांपुढे आवाज पोहोचवणे, गलका झेलणे आणि खजिन्यात किती टॅलेंट (चांदीच्या रकमेचे मोठे माप) शिल्लक आहेत, काळ्या समुद्राकडून धान्याची जहाजे कधी येतात, कोणत्या मांडलिक नगराने खंडणी थकवली आहे याचा हिशेब तोंडपाठ असणे, हे थोड्यांनाच जमे. चिठ्ठीने आलेला अधिकारी वर्षभरात घरी जाई. अनुभव आणि माहिती साठून राही ती या नेहमीच्या वक्त्यांपाशी. धोरणात सातत्य राहिले तर ते त्यांच्यामुळेच.

त्यांना मुदत नव्हती, तसेच संरक्षणही नव्हते. आज मान्य झालेला ठराव उद्याच्या सभेत उलटे. विरोधक कोर्टात खेचत, दंड होई, हद्दपारी होई, क्वचित प्राणही जात. ज्यूरीसाठी दरवर्षी तिशी उलटलेल्या सहा हजार नागरिकांची यादी तयार होई आणि एकेका खटल्यापुढे शेकडो जण बसत. राजकारणाचा दुसरा आखाडा हाच.

पेरिक्लीझ

पाचव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे पुढारी मोठ्या जमीनदार घराण्यांतले असत. पेरिक्लीझ आईकडून अल्कमिऑनिड कुळातला. इ. स. पू. ४४३ च्या सुमारास प्रतिस्पर्धी थ्यूसिडिडीझ (मेलेसियसचा मुलगा, इतिहासकार निराळा) हद्दपार झाल्यावर तो सलग पंधरा वर्षे सेनापती निवडून आला. इतिहासकार थ्यूसिडिडीझच्या मते या काळात नावाला लोकशाही होती, प्रत्यक्षात पहिल्या नागरिकाचे राज्य होते. पेरिक्लीझ लोकांमागे गेला नाही, त्याने लोकांना आपल्यामागे नेले, आणि त्याच्यानंतर आलेल्यांनी एकमेकांवर कुरघोडी करण्याच्या नादात कारभार लोकांच्या लहरीवर सोपवला. डेमागॉगविषयीच्या पुढच्या साऱ्या लिखाणाचा पाया हा परिच्छेद आहे.

तो जसाच्या तसा स्वीकारणे कठीण. ज्यूरीला दिवसाचे दोन ओबोल (चांदीची लहान नाणी) देण्याची प्रथा पेरिक्लीझनेच पाडली. किमॉन हा धनाढ्य प्रतिस्पर्धी आपल्या बागा लोकांना खुल्या ठेवी. तेवढी संपत्ती नसलेल्या पेरिक्लीझने लोकांचाच पैसा लोकांना वाटला, असे ‘अथेन्सची राज्यघटना’ हा ॲरिस्टॉटलच्या शिष्यपरिवारातला ग्रंथ सांगतो. प्लेटोने तर याच वेतनामुळे अथेन्सकर आळशी, भित्रे आणि बडबडे झाले, असा ठपका थेट पेरिक्लीझवर ठेवला. शिवाय हा ‘पहिला नागरिक’ही सभेच्या तडाख्यातून सुटला नाही. इ. स. पू. ४३० मध्ये रोगाच्या साथीने आणि स्पार्टाशी चाललेल्या युद्धाने वैतागलेल्या लोकांनी त्याला पदावरून काढून दंड केला, आणि थोड्याच काळात पुन्हा निवडले. पुढच्या वर्षी, ४२९ मध्ये, त्याच साथीत तो गेला.

क्लीऑन

पेरिक्लीझनंतर पुढे आलेल्यांची मिळकत जमिनीतली नव्हती, कारखान्यांतली होती. क्लीऑनचा कातडी कमावण्याचा धंदा, हायपरबोलसचा दिव्यांचा, क्लिओफोनचा लायर या तंतुवाद्याचा. विनोदी नाटककारांनी याचे भांडवल करून त्यांना हलक्या कुळातले, अडाणी, कातड्याच्या वासाचे ठरवले. वस्तुतः हे गुलामांकडून काम करून घेणारे पैसेवाले लोक होते. क्लीऑनचा बाप क्लीएनेटस याने एका नाट्योत्सवातील समूहगायनाचा मोठा खर्च उचलला होता, असे एका शिलालेखावरून मानले जाते. क्लिओफोनच्या बापाचे नाव हद्दपारीच्या मतदानाच्या खापऱ्यांवर क्लायपिडीझ असे आढळते. या नावाचा एक सेनापती ४२८ मध्ये होऊन गेला. म्हणजे ‘लायरवाला’ बहुधा सेनापतीचा मुलगा होता.

वेगळी होती ती रीत. आधीचे पुढारी नातीगोती, मेजवान्या आणि मित्रमंडळे यांतून वर येत. राजकारणात पडताना क्लीऑनने मित्रांना बोलावून मैत्री संपल्याचे सांगितले, अशी कथा प्लूटार्कने दिली आहे. आपली बांधिलकी आता फक्त लोकांशी, हा तिचा आशय. ‘अथेन्सची राज्यघटना’ तक्रार करते की व्यासपीठावर ओरडणारा, शिव्या देणारा आणि अंगरखा खोचून बोलणारा तो पहिलाच. आधीचे सारे नीटनेटके उभे राहून बोलत. ही तक्रार धोरणाची नसून शिष्टाचाराची आहे, हे लक्षात घेण्यासारखे.

त्याचे सर्वांत काळे प्रकरण मिटिलीनीचे. लेस्बॉस बेटावरील या नगराने ४२८ मध्ये अथेन्सविरुद्ध बंड केले व पुढच्या वर्षी शरणागती पत्करली. क्लीऑनच्या सांगण्यावरून सभेने ठरवले की तेथील सर्व प्रौढ पुरुष मारावेत आणि बायकामुलांना गुलाम करावे. हुकूम घेऊन गलबत निघालेही. दुसऱ्या दिवशी लोकांना पस्तावा झाला आणि प्रश्न पुन्हा सभेपुढे आला. थ्यूसिडिडीझने दिलेल्या भाषणात क्लीऑन श्रोत्यांचीच खरडपट्टी काढतो : लोकशाहीला साम्राज्य चालवता येत नाही, तुमची सत्ता म्हणजे जुलूमच आहे हे विसरू नका, आणि तुम्ही भाषणांना तमाशासारखे बघायला येता. लोकांची खुशामत करणाऱ्याचे हे बोलणे नव्हे. त्याला डायोडोटस नावाच्या माणसाने उत्तर दिले. दयेचा शब्द न काढता, सरसकट कत्तल अथेन्सच्या फायद्याची कशी नाही, एवढेच त्याने मांडले. हात वर झाले ते जवळजवळ समसमान. डायोडोटस थोडक्यात जिंकला. दुसरे गलबत पहिल्याच्या एक दिवस व एक रात्र मागे होते. वल्हेकऱ्यांनी वाइन आणि तेलात मळलेले सातूचे पीठ वल्ह्यावर बसूनच खाल्ले, आळीपाळीने झोप घेतली, आणि सेनापती पाकीझ हुकूम वाचून अंमल करण्याच्या बेतात असताना ते पोहोचले. नगर वाचले. मात्र बंडाचे सूत्रधार म्हणून अथेन्सला आणलेल्या कैद्यांना क्लीऑनच्याच ठरावाने ठार केले गेले. उपलब्ध हस्तलिखितांत त्यांचा आकडा हजाराच्या थोडा वर आहे.

पायलॉसचे प्रकरण वेगळ्या रंगाचे. ४२५ मध्ये पायलॉसजवळच्या स्फॅक्टिरिया बेटावर ४२० स्पार्टन सैनिक कोंडले गेले, वेढा लांबला. क्लीऑन सभेत सेनापतींवर तुटून पडला : हे पुरुष असते तर बेट केव्हाच घेतले असते. सेनापती निसिअस म्हणाला, मग तूच जा. क्लीऑन आधी मागे सरू लागला, पण लोकांनी आरडाओरडा करून त्याला सोडले नाही. शेवटी त्याने वीस दिवसांत स्पार्टनांना पकडून आणीन किंवा तिथेच मारीन, असे सांगितले. सभेत हशा पिकला. थ्यूसिडिडीझ लिहितो की समंजस लोकांना आनंदच झाला : एक तर क्लीऑनची ब्याद जाईल, नाहीतर स्पार्टन हाती लागतील. तो या वचनाला वेडेपणा म्हणतो आणि पुढच्याच ओळीत ते पाळले गेल्याचे नोंदवतो. डेमॉस्थिनीझ या सेनापतीच्या साह्याने २९२ कैदी जिवंत आणले गेले; त्यांपैकी सुमारे १२० अस्सल स्पार्टन नागरिक होते. स्पार्टन शरण येतात हे ग्रीसने प्रथमच पाहिले. त्या लुटीतली एक कांस्याची ढाल अथेन्सच्या अगोऱ्यात म्हणजे बाजारचौकात उत्खननात सापडली असून ‘अथेन्सकरांनी लॅसिडेमोनियनांकडून (स्पार्टनांकडून) पायलॉसहून’ अशी अक्षरे तिच्यावर कोरलेली आहेत.

याच सुमारास क्लीऑनने ज्यूरीचे वेतन तीन ओबोलांवर नेले आणि मांडलिक नगरांच्या खंडणीची नवी आकारणी झाली. युद्धारंभी सहाशे टॅलेंटच्या आसपास असलेली ही रक्कम कागदोपत्री चौदाशेंवर गेली. हा ठराव थुडिपस नावाच्या वक्त्याचा. धोरण क्लीऑनच्या गोटातले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ४२२ मध्ये थ्रेसमधील ॲम्फिपोलिस परत घेण्याच्या मोहिमेत क्लीऑन मारला गेला. त्याच लढाईत स्पार्टाचा सेनापती ब्रासिडसही पडला आणि पुढच्या वर्षी तह झाला.

साक्षीदार कोण?

क्लीऑनविषयी जे सांगितले जाते, त्यातला फार मोठा भाग दोन माणसांकडून येतो. थ्यूसिडिडीझ स्वतः सेनापती होता. ॲम्फिपोलिस वाचवू शकला नाही म्हणून त्याला वीस वर्षे परागंदा राहावे लागले. त्यामागे क्लीऑनच होता, असे सांगणारी प्राचीन परंपरा आहे. दुसरा विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनीस. ४२६ मधील नाटकावरून क्लीऑनने त्याला मंडळापुढे खेचले होते. त्याचा सूड त्याने ४२४ मध्ये ‘घोडेस्वार’ या नाटकात घेतला. त्यात डेमॉस म्हणजे लोक हा एक बहिरट, चिडका म्हातारा मालक. क्लीऑन हा त्याला लोणी लावून घर लुटणारा पॅफ्लेगोनियन गुलाम. आणि त्याच्यावर मात करतो तो त्याच्याहून निर्लज्ज असा सॉसेज विकणारा. नाटकाला पहिले बक्षीस मिळाले. थोड्याच काळाने त्याच नागरिकांनी क्लीऑनला सेनापती निवडले. हसणारे आणि मत देणारे एकच होते, आणि या दोन्हींत त्यांना विसंगती वाटली नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज इतिहासकार जॉर्ज ग्रोट याने क्लीऑनची बाजू प्रथम जोरकसपणे मांडली. १९६२ मध्ये मोझेस फिन्ली याने प्रश्नच बदलला : हा पुढारी चांगला की वाईट याऐवजी, अशा पुढाऱ्याशिवाय ही व्यवस्था चालली असती का? त्याचे उत्तर नकारार्थी होते आणि ते आज बहुतांशी मान्य आहे. मिटिलीनीचा पहिला ठराव मात्र त्यामुळे सौम्य होत नाही.

हद्दपारीपासून विषापर्यंत

पुढाऱ्यांना आवर घालण्याचे जुने साधन खापऱ्यांवरील मतदानाचे होते. वर्षातून एकदा, सभेने तसे ठरवल्यास, प्रत्येक जण खापरीवर एक नाव कोरून टाकी. किमान सहा हजार खापऱ्या पडल्या तर ज्याच्या नावाच्या सर्वाधिक त्याला दहा वर्षे अथेन्स सोडावे लागे. मालमत्ता शाबूत राही. अशा हजारो खापऱ्या सापडल्या आहेत. अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरील एका विहिरीत थेमिस्टोक्लीझ या पूर्वीच्या पुढाऱ्याच्या नावाच्या १९० च्या आसपास मिळाल्या, पण त्यांवरील हस्ताक्षरे जेमतेम चौदा जणांची. खापऱ्या आधीच कोरून वाटण्याची तयारी कोणीतरी केली होती. ‘उत्स्फूर्त’ लोकमत तेव्हाही तयार करावे लागे.

४१७ ते ४१५ च्या दरम्यान हायपरबोलसने हे शस्त्र निसिअस किंवा अल्सिबायडीझ यांच्यावर उगारले. त्या दोघांनी गुपचूप हातमिळवणी करून त्यालाच बाहेर काढले. अशा क्षुद्र माणसासाठी हा मान नव्हता, अशी थट्टा झाली आणि ही प्रथा पुन्हा वापरली गेली नाही. सामोस बेटावर ४११ मध्ये हायपरबोलसचा खून झाला.

अथेन्सला बुडवले कोणी, याचे उत्तर या ‘कातडेवाल्यां’कडे बोट दाखवून देता येत नाही. ४१५ मध्ये सिसिलीवरील मोहिमेसाठी सभेला पेटवणारा अल्सिबायडीझ हा पेरिक्लीझच्या पालकत्वाखाली वाढलेला उमराव होता. तिचा विचका पूर्ण करणारा निसिअस लॉरिअमच्या चांदीच्या खाणींत हजार गुलाम भाड्याने देणारा धर्मभीरू धनिक होता. ४१३ मध्ये चंद्रग्रहण झाले म्हणून त्याने माघार लांबवली आणि सैन्य गमावले. विरोधात हात वर केला तर देशद्रोही ठरू, या भीतीने मोहीम ठरवणाऱ्या सभेत अनेक जण गप्प बसले, हे थ्यूसिडिडीझने नोंदवले आहे.

४०६ मधील आर्गिन्युसीचा खटला तर सभेच्या बेभानपणाचे ठरलेले उदाहरण. आर्गिन्युसी बेटांजवळ स्पार्टाविरुद्धची आरमारी लढाई जिंकली, पण वादळामुळे बुडणाऱ्या खलाशांना वाचवता आले नाही. आठ सेनापतींना एकाच मताने, एकत्र दोषी ठरवण्याचा बेकायदा ठराव कॅलिक्सिनस याने मांडला. युरिप्टोलेमसने हरकत घेताच, लोकांना हवे ते करू न देणे भयंकर आहे, असा गलका झाला. अध्यक्षमंडळातले बाकीचे घाबरून नमले; त्या दिवशी मंडळात असलेला सॉक्रेटीस तेवढा अडून बसला. हाती लागलेल्या सहा जणांना मारण्यात आले. त्यांत पेरिक्लीझ व ॲस्पेशिया यांचा मुलगाही होता. सेनापतींवर प्रथम तुटून पडला तो थेरामिनीझ. खलाशांना उचलण्याचे काम त्याच्याकडेही सोपवलेले होते. आणि ‘अथेन्सची राज्यघटना’ डेमागॉगांना नावे ठेवताना ज्या तीन सभ्य पुढाऱ्यांची तारीफ करते, त्यांत निसिअसबरोबर हाच थेरामिनीझ आहे.

क्लिओफोनने गरिबांसाठी रोज दोन ओबोलांची मदत सुरू केली आणि स्पार्टाशी तह करण्याला अखेरपर्यंत विरोध केला. युद्ध हरण्याचा मोठा दोष त्याच्या या हट्टाकडे जातो. उमरावांनी ४०४ मध्ये त्याला लष्करी कर्तव्य चुकवल्याच्या आरोपावरून मारवले. इतकी वर्षे शहराचा कारभार हाताळूनही तो फारसे काही न ठेवता मेला, असे वक्ता लिसिअस याने सांगितले आहे. त्यानंतर लोकशाही मोडून आलेल्या तीस उमरावांच्या राजवटीचा म्होरक्या क्रिटिअस हा प्लेटोचा नातलग. प्लेटोचा लोकशाहीवरचा राग वाचताना हेही ठाऊक असावे.

४०३ मध्ये लोकशाही परतली ती शहाणी होऊन. सभेचा ठराव कायद्याच्या खाली राहील हे ठरले आणि कायदे बदलण्याचे काम शपथबद्ध नागरिकांच्या वेगळ्या मंडळाकडे गेले. बेकायदा ठराव मांडणाऱ्या वक्त्यावर खटला भरण्याची तरतूद नेहमीची झाली. तीनदा दोषी ठरलेल्याचा बोलण्याचा हक्क जाई. ॲरिस्टोफॉन हा पुढारी अशा पंचाहत्तर खटल्यांतून सुटल्याची फुशारकी मारी. सेफॅलस आपल्यावर एकही झाला नाही याची. सेनापती आणि वक्ता या भूमिकाही आता वेगळ्या झाल्या : युबूलस खजिना सांभाळी, वक्ता डेमॉस्थिनीझ मॅसिडोनियाविरुद्ध लोकांना उठवी, आणि पंचेचाळीस वेळा सेनापती झालेला फोशन त्याला विरोध करी.

ॲरिस्टॉटलने या साऱ्या अनुभवाचे सूत्र बांधले : जिथे कायदा सर्वोच्च असतो तिथे डेमागॉग निपजत नाहीत, जिथे ठरावच सर्वोच्च, तिथे लोक हाच अनेक डोक्यांचा हुकूमशहा होतो आणि डेमागॉग त्याचे खुशमस्करे. जुन्या काळी लोकनेता सेनापतीही असल्यामुळे हुकूमशहा बने, आताचा नुसता बोलतो, असेही तो म्हणतो. अथेन्सपुरते हे खरे. सिसिलीतील सिराक्यूसमध्ये मात्र सेनापतींवर फितुरीचे आरोप करत पुढे आलेला डायोनिसिअस ४०५ मध्ये सत्ताधीश झाला आणि ३६७ मध्ये मरेपर्यंत राहिला. आर्गॉसमध्ये ३७० मध्ये पुढाऱ्यांनी चिथावलेल्या जमावाने हजारावर श्रीमंतांना सोट्यांनी ठेचून मारले. पुढारी कचरू लागताच त्यांचीही तीच गत केली. अथेन्सच्या लोकशाहीच्या जवळजवळ दोन शतकांत असे काही घडले नाही. तिथली मोठी राजकीय कत्तल तीस उमरावांच्या राजवटीत झाली.

अथेन्समधील या पुढारीपणाचा शेवट बाहेरून झाला. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतरचा उठाव फसला आणि ३२२ मध्ये मॅसिडोनियाच्या अँटिपेटरने दोन हजार द्राख्मांहून कमी मालमत्ता असलेल्यांचा नागरिकत्वाचा हक्क काढून घेतला; सुमारे नऊ हजार नागरिक उरले. शरणागतीची बोलणी करण्यासाठी शहराने डेमडीझ या वक्त्याला पुढे केले. बेकायदा ठरावांपायी त्याचा बोलण्याचा हक्क गेलेला होता. तो घाईने परत देण्यात आला. डेमॉस्थिनीझ आणि हायपेरिडीझ या वक्त्यांना देहान्ताची शिक्षा देण्याचा ठराव त्यानेच मांडला. डेमॉस्थिनीझने कॅलॉरिया बेटावरील देवळात विष घेतले, हायपेरिडीझला पकडून मारण्यात आले. तीन वर्षांनी मॅसिडोनियनांनी डेमडीझलाही ठार केले.